सोन्याची शृंखला

श्रोतेहो, शाळेंत इतिहास शिकवितांना १९२९ सालच्या जागतिक मंदीचा धडा मी एका प्रश्नापासून आरंभीत असें. शेतें पिकत होतीं, यंत्रें धड होतीं, कारागीर काम मागत होते. मग लोक उपाशी कां राहिले? या प्रश्नाचें बरेंचसें उत्तर त्या काळच्या सुवर्णचलनांत सांपडतें.

या पद्धतींत देशाच्या नाण्याची किंमत सोन्याच्या ठराविक वजनाशीं बांधलेली असे. सुबत्तेच्या दिवसांत ही शिस्त हितकारक वाटे. परंतु मंदींत सोनें देशाबाहेर जाऊं लागलें, कीं तें थोपविण्यासाठीं मध्यवर्ती बँकेस व्याजाचा दर चढवावा लागे. त्यामुळें कर्ज महाग होई, व्यापार आखडे आणि भाव आणखी उतरत. धान्याचा भाव निम्म्यावर आला, तरी सावकाराच्या कागदावरील आंकडा तोच राही. तेवढेंच कर्ज फेडण्यास शेतकऱ्यास दुप्पट धान्य विकावें लागे. अशक्त रोग्यास लंघन घालावें, तसा हा उपचार होता.

२१ सप्टेंबर १९३१ रोजीं इंग्लंडनें ही शृंखला तोडली. ४.८६ डॉलरचा पौंड वर्षअखेर सुमारें ३.४० डॉलरपर्यंत उतरला खरा; पण बँक ऑफ इंग्लंडचा व्याजदर जून १९३२ अखेर सहा टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर आणतां आला. स्वस्त कर्जावर घरें उठूं लागलीं. गवंडी-सुतारांस काम मिळालें. अमेरिकेंत अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं एप्रिल १९३३ मध्यें हाच मार्ग धरला, आणि जानेवारी १९३४ अखेर औंसभर सोन्याचा भाव २०.६७ डॉलरवरून ३५ डॉलर ठरविला. फ्रान्स मात्र सप्टेंबर १९३६ पर्यंत सोन्यास बिलगून राहिला. १९३५ सालीं इंग्लंडचें औद्योगिक उत्पादन १९२९ च्या पुढें गेलें होतें. फ्रान्सचें त्याहून पुष्कळ खालीं होतें. आयकेनग्रीन व सॅक्स या अर्थशास्त्रज्ञांनीं १९८५ सालीं युरोपांतील देशांची तुलना करून दाखविलें, कीं जे आधीं सुटले ते आधीं सांवरले.

एकानें नाणें उतरविलें म्हणजे शेजाऱ्याचा व्यापार बुडतो, हा आक्षेप अगदींच खोटा नाहीं. परंतु सर्वांनींच बंधन सोडलें असतें, तर सर्वांनाच पैसा स्वस्त करतां आला असता.

हिंदुस्थानच्या वांट्यास मात्र निराळेंच आलें. त्याच सप्टेंबरांत रुपया सोन्यापासून सुटला, पण १ शिलिंग ६ पेन्स या दरानें पौंडास बांधला गेला. हा दर १ शिलिंग ४ पेन्स करावा, ही गांधीजींच्या १९३० च्या अकरा मागण्यांपैकीं एक होती. ती मान्य झाली नाहीं. सोन्याचा रुपयांतील भाव चढला, आणि कर्जाच्या व शेतसाऱ्याच्या ओझ्याखालीं वांकलेल्या कुटुंबांनीं अंगावरचे दागिने मोडले. तें सोनें मुंबई बंदरांतून परदेशीं गेलें, व पौंडास सांवरण्यास त्याचाही हातभार लागला.

तेव्हां, श्रोतेहो, बंधन तुटल्यानें मंदी आपोआप पळत नाहीं; राज्यकर्त्यांचे हात तेवढे मोकळे होतात. लंडनमध्यें त्या हातांनीं घरें उभारलीं गेलीं. आपल्याकडे ते हात आपले नव्हते, म्हणून आपल्या आज्यापणज्यांच्या पाटल्या गेल्या.