पात्राचं शरीर कोणत्या गावचं?



अध्यक्षाने अॅनिमेशनच्या व्यवसायाच्या भवितव्यावर बोलावं, अशी रीत आहे. त्यावर बोलणारे वक्ते कार्यक्रमपत्रिकेत पुरेसे दिसतात, तेव्हा मी आपला चालण्यावर बोलतो. म्हणजे वॉक सायकलवर.

कॅरेक्टर अॅनिमेशन शिकणारा प्रत्येक जण ही करतोच. आधी उसळणारा चेंडू, मग पिठाचं पोतं, मग चालणं. कॉन्टॅक्ट, डाउन, पासिंग, अप या पावलाच्या चार अवस्था तोंडपाठ असतात. परीक्षक म्हणून मी विद्यार्थ्यांच्या कामाची अशी रील्स बघत आलो आहे. त्यांतली पात्रं बूट घालून, छाती काढून फूटपाथवरून चालतात. उत्तर सुचलं नाही की खांदे उडवतात. पात्राचं नाव शेवंता, बोलणं मराठी आणि शरीर मात्र थेट कॅलिफोर्नियातलं! खांदे उडवून ‘मला काय माहीत’ म्हणणारी शेवंता मी तरी पाहिलेली नाही. ती हात उलटा करून झटकते, ओठ मुडपते, मान एका बाजूला टाकते आणि पदर सावरायला तिला नेमकी तेव्हाच सवड मिळते.

मुलांचं निरीक्षण कमी पडतं असं मी म्हणणार नाही. ती भरपूर बघतात, पण दुसऱ्यांनी केलेलं अॅनिमेशन बघतात. आणि तो दोष आमचा, शिकवणाऱ्यांचा. पहिल्याच सत्रात आम्ही बारा तत्त्वांचा तक्ता भिंतीवर लावतो. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी ती तत्त्वं पुस्तकात मांडली १९८१ साली, डिस्ने स्टुडिओतून निवृत्त झाल्यावर. त्या स्टुडिओत चित्रकलेचे नियमित वर्ग सुरू झाले होते १९३२मध्ये. शुइनार्ड कलासंस्थेतल्या डॉन ग्रॅहॅम यांना बोलावून डिस्नेने आपल्या कामावरच्या चित्रकारांना पुन्हा विद्यार्थी केलं. समोर जिवंत मॉडेल, हातात कोळसा. शिवाय चित्रपटांचे तुकडे पुन्हापुन्हा दाखवून हालचालींची चिरफाड. ‘स्नो व्हाइट’ आला त्यानंतर, १९३७मध्ये. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं बघणं झालं आणि मग नियम छापले गेले. आपण नियमांपासून निघतो आणि बघण्यापर्यंत पोचायच्या आत सत्र संपतं.

त्याच शुइनार्डच्या वारशातून उभ्या राहिलेल्या कॅलआर्ट्समध्ये १९७५ साली कॅरेक्टर अॅनिमेशनचा अभ्यासक्रम सुरू झाला. शिकवायला डिस्नेतली मुरलेली मंडळी होती. पहिल्या तुकडीत जॉन लॅसेटर, ब्रॅड बर्ड, जॉन मस्कर. लॅसेटर यांनी विद्यार्थी असताना १९७९मध्ये एका दिव्यावर चित्रपट केला, तो हाताने काढून. पिक्सारमधला त्यांचा ‘लक्सो ज्युनियर’ १९८६चा. त्यातल्या टेबललॅम्पना ना डोळे, ना हात. तरी बाप कोणता आणि पोर कोणतं, हे लगेच कळतं. दिव्याच्या मनात काय चाललंय, हे संगणक येण्याआधीच पेन्सिलीने शोधून झालं होतं.

आपल्याकडेही या कलेला कलाशाळेचं दार नवं नाही. दादासाहेब फाळके १८८५मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले होते. पुढे १९१५मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्या नाचवल्या. तो चित्रपट आज उरलेला नाही. मग १९५६मध्ये क्लेअर वीक्स मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आले. जन्म भारतातला, उमेदवारी डिस्नेतली, ‘बॅम्बी’वर काम केलेला माणूस. राम मोहन त्यांच्या हाताखाली तयार झाले. तिथे १९५७मध्ये जातककथेवरचा ‘द बनियन डियर’ झाला. पद्धत अमेरिकेची, हरीण आपलं.

त्या पद्धतीशी माझं भांडण नाही. चेंडू नागपुरात पडतो तसाच न्यूयॉर्कमध्ये पडतो. वजन आणि टायमिंग कुणाकडूनही शिकावं. पण माणूस बसतो कसा, रुसतो कसा, मोठ्यांसमोर उभा राहताना हात कुठे ठेवतो, हे गुरुत्वाकर्षण ठरवत नाही.

साधी उठबस घ्या. जमिनीवर मांडी घालून बसलेली साठीची बाई उठते कशी? आधी एक गुडघा उभा होतो. त्यावर एक हात, दुसरा तळवा फरशीवर. धड पुढे झुकतं, वजन तळव्यावर जातं आणि अर्ध्या उंचीवर ती थबकते. ‘आई गं’ तिथे येतं. कंबर मागाहून सरळ होते. उभी राहिल्यावर पहिलं पाऊल टाकण्याआधी ती निऱ्या झटकते. सगळे मिळून साडेतीन सेकंद. टूजवर, म्हणजे दोन फ्रेमना एक चित्र धरून काढलं, तरी चाळीसेक चित्रं. तिचा संधिवात, तिचं वय, घरात तिला उठवायला हात देणारं कुणी आहे की नाही, हे त्या चाळीस चित्रांत येतं. संवाद लागत नाही. आता हेच एखाद्या फुकट मिळणाऱ्या रिगकडून, म्हणजे पात्राच्या संगणकातल्या सांगाड्याकडून, करून बघा. मांडी घातली की बऱ्याच रिग्जची जांघ फाटते, गुडघा भलतीकडे उडी मारतो. ज्यांनी ते बांधले त्यांची माणसं खुर्चीत बसतात, इतकंच!

माणसं अशी बघायला लांब जायला नको. पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेच्या तालमींत कोपऱ्यात बसा. पिंगुळीला जा. तिथल्या चामड्याच्या बाहुल्यांना सांधे मोजकेच, चेहरा तर हलतच नाही. तरी खेळवणारा अख्खी बाहुली किती तिरकी धरतो आणि केव्हा थांबवतो, यावरून पात्राचा राग कळतो. आमचे विद्यार्थी चेहऱ्यावर शेकडो कंट्रोल्स घेऊन बसतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर प्रश्न येणारच, म्हणून एवढंच: इनबिट्वीन्स, म्हणजे दोन मुख्य चित्रांमधली चित्रं, यंत्राकडे गेली त्याला बराच काळ लोटला. जे भरपूर साठलेलं आहे ते यंत्र झटकन देईल. मुरबाडच्या बाजारात ओझं उतरवणारी बाई त्या साठ्यात फारशी नसावी, असा माझा कयास आहे. ती आधी कुणी तरी बघावी लागेल.

स्टुडिओंना परदेशी कामासाठी घासलेली, गुळगुळीत रील हवी असते. नोकरी लागते ती त्यावर, ती जरूर करा. पण शेवटच्या वर्षाच्या गुणांतला एक वाटा निरीक्षणवहीला द्यावा, असा ठराव मी संध्याकाळच्या बैठकीत मांडणार आहे. मोबाइलवरचा रेफरन्स चालेल, मात्र तो विद्यार्थ्याने स्वतः, आपल्या माणसांचा आणि त्यांना विचारून घेतलेला हवा.

जेवणानंतर खालच्या दालनात रेखाटनाचं सत्र आहे. तिथे खुर्च्या नाहीत, मुद्दाम सतरंज्या घातल्या आहेत. प्राध्यापक मंडळींनीही खालीच बसायचं आहे. उठताना मुलं तुमची चित्रं काढणार आहेत.