खिडकी त्यांची, मैदान आपलं

(धाराशिव येथे युवकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी कवितेवर बोलणार नाही. एका फ्लॅटवर बोलणार आहे. हसू नका. दादरला शिवाजी पार्कासमोर दुसऱ्या महायुद्धाआधीच्या बिल्डिंगी आहेत. गोल वळणाच्या गॅलऱ्या, सागवानी दारं, मोझाइकची फरशी. त्यातला एखादा फ्लॅट आतून नवा करतात आणि कोटींच्या भावानं विकायला काढतात. जाहिरातीत काय असतं? समोर मैदान, भरपूर हवा, सुसंस्कृत शेजार.

आता हे मैदान कुणाचं? महापालिकेचं. १९२५ साली लोकांसाठी खुलं झालं, तेव्हा नाव माहीम पार्क. १९२७ला शिवाजी पार्क झालं. म्हणजे मैदान सार्वजनिक, देखभाल सार्वजनिक पैशातून, आणि त्याच्याकडे उघडणारी खिडकी मात्र खासगी. फ्लॅटच्या किमतीत त्या खिडकीचे पैसे धरलेले असतात. जनतेच्या मोकळ्या जागेवर मालकानं केलेली ही कमाई आहे.

आपण ते मैदान खिडकीतून बघितलेलं नाही. ७ डिसेंबर १९५६ला बाबासाहेबांची चिता जवळच्याच चौपाटीवर पेटली. तेव्हापासून कळंब, परंडा, उमरग्याची आपली माणसं ६ डिसेंबरला तिथं जातात. एसटीनं, रेल्वेनं, उभ्यानं. फडक्यात भाकरी, काखेत लेकरू. रात्री मैदानात पाठ टेकायची, सकाळी रांगेत उभं राहायचं. ज्या मैदानाच्या नुसत्या दर्शनाला कोटी मोजतात, त्यावर आपली म्हातारी फुकट झोपते. पण कुठवर? एक-दोन रात्री. मग परत गाव.

हे असं का झालं, ते बघा. १८९६ला मुंबईत प्लेग आला. १८९८ला सरकारनं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. त्यानं दादर-माटुंग्याला रुंद रस्ते आखले, बागा ठेवल्या. वसाहतींची नावं काय पडली? पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी. आणि कामगारासाठी? त्याच ट्रस्टच्या चाळी. परळच्या तसल्या चाळीत बाबासाहेब वीसेक वर्षं राहिले. त्यांनी १९३०च्या दशकात घर बांधलं, तेही हिंदू कॉलनीत. राजगृह. म्हणजे युद्धाआधीचं एक घर आपल्याही इतिहासात आहे. पण ते शोभेसाठी नव्हतं, पुस्तकांसाठी होतं.

घराची मापं कशी ठरतात हे आपल्या जिल्ह्याला शिकवायला नको. ३० सप्टेंबर १९९३ला भूकंप झाला. सास्तूर कोसळलं, शेकडो माणसं गाडली गेली. गावं नव्यानं वसवायची वेळ आली. घरं कशी वाटली? भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला २५० चौरस फूट. सात हेक्टरपर्यंत ४००. त्याच्या वर ७५०. धरणी हलली, पण जमिनीचा हिशेब तसूभर हलला नाही!

तुम्ही म्हणाल, शिकू, कमवू, विकत घेऊ. घ्या ना. जरूर घ्या. पण पैसा हे पहिलंच कुलूप. दुसरं कुलूप दलालाच्या तोंडात असतं. पूर्ण नाव काय? आडनाव? गाव कुठलं? नॉनव्हेज खाता का? जात कुणी विचारत नाही. ताट विचारतात. हा नवा गावकूस आहे, लिफ्टवाला.

कायदा नाही असं नाही. १९५५चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा, १९७६पासून त्याचं नाव नागरी हक्क संरक्षण कायदा. त्याच्या कलम ४मध्ये साफ लिहिलंय : कुठल्याही वस्तीत घर बांधायला, घ्यायला, राहायला अस्पृश्यतेच्या कारणानं आडकाठी केली तर तो गुन्हा. पण दुसऱ्या बाजूला २००५ साली सुप्रीम कोर्टानं अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीला सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवायला मुभा दिली. एक दार कायद्यानं उघडलं, दुसरं पोटनियमानं लागलं.

म्हणून माझं सांगणं सोपं आहे. तोंडी नकार घेऊन घरी येऊन रडत बसू नका. अर्ज लेखी द्या. नकाराचं कारण लेखी मागा. सोसायटीनं सभासद करून घेतलं नाही, तर १९६०च्या सहकार कायद्याखाली निबंधकाकडे अपील करा. जातीचा शब्द निघाला तर साक्षीदार धरा, पोलीस स्टेशन गाठा. एकटा जाऊ नका, दहाजण जा. आणि फुटकळ भाडोत्र्यापासून फ्लॅटवाल्यापर्यंत कुणालाही ताट विचारून दार बंद करता येणार नाही, असा कायदा मागा. रस्त्यावर येऊन मागा.

आणि आपल्यातला कुणी उद्या त्या खिडकीत पोचला, तर त्याला एवढंच सांगणं. ६ डिसेंबरला खिडकी बंद करून घेऊ नकोस. खाली तुझीच माय झोपलेली आहे. दार उघड, पाणी दे, जिना दाखव.

मैदान एका रात्रीपुरतं नको. जिनाही पाहिजे, खिडकीही पाहिजे, आणि तीनशे पासष्ट दिवस पाहिजे.

जयभीम!