बक्षिसपत्र आणि कायद्याचीं नातीं



बीड शहरांत, बिंदुसरेच्या कांठीं, एका निवृत्त शिक्षकाचें घर आहे असें आपण समजूं. पत्नी निवर्तली आहे. मुलगा व सून नोकरीनिमित्त पुण्यास असतात. दुखण्याखुपण्यांत धांवून येतो तो पुतण्या. गुरुजींच्या मनांत येतें कीं, हयातींतच हें घर कोणाच्या तरी नांवें करून मोकळें व्हावें. मुलाच्या, सुनेच्या, कीं पुतण्याच्या? घरांत तिघेहि आपलेच. पण कायद्याच्या दप्तरांत त्यांचीं स्थानें निरनिराळीं आहेत. इतकेंच नव्हे, तर एकाच माणसाचें स्थान दोन कायद्यांत सारखें नाहीं.

प्रथम आयकर पाहूं. 1958 च्या कायद्यानें बक्षीस देणाऱ्यावर कर बसविला होता. 1 ऑक्टोबर 1998 पासून केलेल्या बक्षिसांवरून तो उठला. आतां प्रश्न येतो तो घेणाऱ्याचा. स्थावर मिळकत फुकट मिळाली आणि तिचें मुद्रांकमूल्य पन्नास हजारांहून अधिक असलें, तर तें घेणाऱ्याचें उत्पन्न ठरतें. देणारा 'नातेवाईक' असेल तर मात्र कर नाहीं. घेणाऱ्याचे पति वा पत्नी, उभयतांचीं भावंडें, आईबापांचीं भावंडें, उभयतांचे थेट पूर्वज व वंशज, आणि या सर्वांचे जोडीदार, एवढींच हीं नातीं. म्हणून गुरुजींचा मुलगा, सून, पुतण्या, तिघांनाहि हा कर नाहीं. उलट पुतण्यानें चुलत्यास घर दिलें तर चुलत्यास कर पडतो. कारण चुलता पुतण्याच्या यादींत आहे, पुतण्या चुलत्याच्या यादींत नाहीं! 2019 सालीं विधानसभेच्या निवडणुकींत पुतण्यानें चुलत्याचा पराभव केलेला बीडनें पाहिला. येथें मात्र कायद्याचा कौल चुलत्याकडून पुतण्याकडे वाहणाऱ्या मायेलाच आहे.

पण मुद्रांक शुल्काची गोष्ट वेगळी. महाराष्ट्रांत राहतें घर वा शेतजमीन पति, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडें किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांस बक्षीस दिल्यास शुल्क अवघें 200 रुपये. भावास वा बहिणीस दिल्यास तीन टक्क्यांपर्यंत. पुतण्या यांपैकीं कशांतच नाहीं. त्याला खरेदीखताप्रमाणें शुल्क भरावें लागेल. मुलगा हयात असतां सुनेलाहि 200 रुपयांची सवलत नाहीं. नोंदणीचें शुल्क व स्थानिक अधिभार यांची चौकशी निराळी करावी.

सुनेच्या नांवें घर केल्यानें आपला आयकर वांचेल, असा कोणाचा हिशेब असेल तर तोहि फसतो. सासऱ्यानें सुनेला दिलेल्या घराचें भाडें सासऱ्याच्याच उत्पन्नांत धरलें जातें. पत्नीस दिलेल्या घराचेंहि फल तेंच.

पुढें मुलानें घर विकलें तर? नफा मोजतांना बापानें दिलेली किंमतच धरावी लागते. गुरुजींनीं 2005 सालीं तें तीन लाखांस घेतलें आणि मुलानें तीस लाखांस विकलें, तर दुरुस्तीसारखे खर्च बाजूस ठेवल्यास नफा सत्तावीस लाखांचा. बक्षिसाच्या दिवशीं बाजारभाव काय होता, तें विचारांत येत नाहीं. बक्षिसानें हा कर बुडत नाहीं. तो मुलाच्या दारीं जातो.

आतां शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बक्षिसपत्र म्हणजे मृत्युपत्र नव्हे. मृत्युपत्र मरेपर्यंत बदलतां येतें. दोन साक्षीदारांसमक्ष सही होऊन नोंदलेलें व घेणाऱ्यानें स्वीकारलेलें बक्षिसपत्र मनास आलें म्हणून परत घेतां येत नाहीं. 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यानें एक वाट ठेवली आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर साठीच्या पुढील माणसानें मिळकत दिली आणि सांभाळ झाला नाहीं, तर न्यायाधिकरण तें बक्षीस रद्द ठरवूं शकतें. ही अट कागदावर स्पष्ट लिहिलेली असावी. 'मुलगा का लिहून मागतो?' या भिडेपोटीं ती गाळूं नये. त्या घरांत मरेपर्यंत राहण्याचा आपला हक्कहि त्याच कागदांत राखून ठेवावा.

दोनशें रुपयांत घर देतां येतें हें खरें. पण दोनशें रुपयांत गेलेलें घर उतारवयांत दुसरें मिळत नाहीं. तेव्हां कर किती वांचला हें मागाहून पाहावें. आपण कोठें राहणार, हें आधीं.