पितळेची पारख

जुन्या चिनी नाण्यांचा संग्रह करू लागणाऱ्याची दृष्टी प्रथम नाण्यावरील अक्षरांवर जाते, आणि ते स्वाभाविकच होय. मधल्या चौकोनी छिद्राच्या वर व खाली सम्राटाच्या कारकिर्दीचे नाव असते; उजवीकडची व डावीकडची अक्षरे ते चलन असल्याचे सांगतात. चिंग राजवटीतील नाण्यांच्या मागील बाजूस मांचू लिपीत टाकसाळीचे नाव आढळते. एवढे वाचता आले म्हणजे नाणे समजले, असा मात्र पुष्कळांचा गैरसमज होतो. नाणे कोणत्या वर्षी ओतले हे त्यावर बहुधा लिहिलेले नसते, आणि छ्येनलुंगची कारकीर्द तर 1736 पासून 1795 पर्यंत चालली! येथे धातूकडे वळावे लागते.

ही नाणी ठोकून नव्हे, तर ओतून तयार होत. नमुन्याच्या नाण्यांचे ठसे वाळूच्या साच्यात उमटवून त्यात रस ओतला जाई. थंड झालेली नाणी फांदीवरच्या पानांसारखी एकमेकांस जोडलेली निघत. ती तोडून चौकोनी सळईत ओवली, की गरगर न फिरता त्यांच्या कडा कानशीने घासता येत.

सोळाव्या शतकात काशाच्या जागी पितळ आले आणि एक जुनी अडचण अधिक बिकट झाली. तांबे महागले की नाण्यापेक्षा त्यातील धातूचेच मोल अधिक ठरे. मग नाणी वितळवून भांडी घडवली जात. दरबाराने 1740 मध्ये यावर तोड काढली. तांबे 50, जस्त 41.5, शिसे 6.5 आणि कथील 2 टक्के असे मिश्रण ठरवण्यात आले. कथलाने धातू ठिसूळ होईल, तांबटाच्या हातोडीखाली टिकणार नाही, हा हिशेब. पूर्वीच्या नाण्यांना ‘पिवळी’ आणि या नव्या नाण्यांना ‘हिरवी’ म्हणत. अक्षरे तीच, सम्राट तोच. भेद केवळ धातूचा. अर्थात प्रांतोप्रांतीचे मिश्रण काटेकोर नसल्यामुळे रंग हा पुरावा असला, तरी निकाल नव्हे.

श्येनफंगच्या काळात गोष्टी याहून विकोपास गेल्या. 1853 मध्ये ताइपिंग बंडखोरांनी नानकिंग घेतले, युन्नानच्या तांब्याची वाट अडली, आणि दरबाराने 10 पासून 1000 पर्यंत दर्शनी किमतीची मोठी नाणी काढली. हजाराच्या नाण्यातील धातूत साधी पन्नास नाणीही झाली नसती. लोकांनी ती घेण्याचे नाकारले, खोटी नाणी पाडणाऱ्यांचे फावले, आणि 500 व 1000 ची नाणी 1854 मध्येच मागे घ्यावी लागली. आजही नकला करणाऱ्यांना हीच मोठी नाणी प्रिय आहेत, म्हणून नवशिक्याने त्यांपासून दूर राहिलेले बरे. कांगशी व छ्येनलुंग यांची साधी नाणी विपुल मिळतात; शिकण्यास तीच उत्तम.

घरातील समईप्रमाणे चिंच लावून नाणे लखलखीत करणारा संग्राहक मात्र कालनिर्णयाची ती खूणच पुसून टाकतो. मऊ कोरड्या कापडाने धूळ टिपावी; वजन, व्यास आणि नाणे कोठे मिळाले हे पाकिटावर लिहावे.