बोर्डिंगच्या पंक्तीपासून विद्यापीठाच्या प्रांगणापर्यंत

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यान)



पन्नास वर्षांचा हिशेब मांडताना किती शिष्यवृत्त्या दिल्या, किती खोल्या बांधल्या, हे आकडे अहवालात येतातच. शिक्षणासाठी गाव सोडून गेलेला मुलगा तेथे कोणाच्या शेजारी बसून जेवला, याची नोंद मात्र कोणत्याही वहीत नसते. विद्यार्थिजीवनात पुस्तकाइतकेच महत्त्व या नोंदीला आहे, आणि जैन समाजाचा तिच्याशी जुना संबंध आहे.

दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना १८९९ साली स्तवनिधी क्षेत्रावर झाली. बहुतांशी शेतीवर जगणाऱ्या या समाजातील मुले शिकावीत, ही सभेच्या धुरीणांची तळमळ होती. त्याच सुमारास राजर्षी शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांना वसतिगृहे काढण्यास उत्तेजन दिले आणि साहाय्यही केले. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काही वर्षांत मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशी वसतिगृहे तेथे उभी राहिली. खेड्यातील बापाला मुलगा शहरात पाठवताना दोन चिंता असत. एक खर्चाची आणि दुसरी धर्माची. बोर्डिंगने दोन्ही मिटवल्या. गाळलेले पाणी, कंदमुळांचा त्याग, दिवस मावळण्यापूर्वी भोजन, सकाळी देवदर्शन हा घरचाच परिपाठ तेथे मिळे. ही सोय नसती तर कितीतरी घरांतील पहिला पदवीधर गावच्या शिवारातच राहिला असता. समाजाच्या वसतिगृहांचे हे ऋण मोठे आहे.

कुंभोजचे भाऊराव पायगोंडा पाटील याच कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगचे विद्यार्थी. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले. परतल्यावर स्नान करून मगच पंक्तीला बसावे, असा आग्रह झाला. तो त्यांनी मानला नाही आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. स्मरणिकांमधून कर्मवीरांचा गौरव दर वेळी होतो. हे पान मात्र बहुधा न वाचताच उलटले जाते.

या कथेला पुढचा भागही आहे. बोर्डिंगशी निकटचा संबंध असलेले अण्णासाहेब लठ्ठे १९१४ च्या डांबर प्रकरणात अडचणीत आले. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांचा तुरुंगात छळ झाला. बोर्डिंगने बाहेर काढल्याचा सल मनात ठेवून ते सहज बोलू शकले असते. ते बोलले नाहीत. पाठशाळेत शिकवले जाणारे सत्याणुव्रत याहून वेगळे काय असते?

१९१९ साली कऱ्हाडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. या वसतिगृहाची खरी माउली होत्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेल्या या श्राविकेने सर्व जातींच्या मुलांना स्वतःच्या हाताने वाढले, आणि धान्य संपले त्या दिवशी गळ्यातील मंगळसूत्रही त्यासाठी काढून दिले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा धर्म बुडाला, असे आज कोण म्हणेल?

कर्मवीर १९५९ मध्ये गेले. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापूरच्या सागरमाळावर शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांनी त्या उजाड माळावर झाडे लावली, तळी केली आणि गरीब विद्यार्थ्यांसाठी ‘कमवा आणि शिका’ योजनाही राबवली. काही तास काम करायचे आणि त्यावर राहण्या-जेवणाचा खर्च भागवायचा, ही रीत मुळात कर्मवीरांचीच. शहरातील बोर्डिंगांच्या काळी शाळा सर्वांची आणि निवास ज्याच्या त्याच्या समाजाचा, अशी विभागणी होती. विद्यापीठाच्या प्रांगणात ती उरली नाही. तेथे वर्ग, ग्रंथालय, मैदान, खोली आणि खाणावळ सारेच सर्वांचे.

येथेच जैन घरांतील आईची अडचण सुरू होते. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. प्रयोगशाळेतून मुलगी सुटते साडेपाचला आणि वसतिगृहाची खाणावळ बहुधा अंधार पडल्यावरच उघडते. दशलक्षण पर्व भाद्रपदात, म्हणजे ऐन सत्रात येते. मग एक तर मुलीला प्रांगणाबाहेर ठेवायचे, नाहीतर नियम सोडायचे, असे दोनच मार्ग घरोघरी बोलले जातात. तिसरा मार्ग कित्येक मुलामुलींनी स्वतःच काढला आहे. दुपारीच डबा भरून घ्यायचा, बटाट्याऐवजी उसळ मागायची, दशलक्षणात एकाशनाची वेळ आचाऱ्याला आधी सांगून ठेवायची. शेजारच्या खोलीतील मैत्रीण पहिले दोन दिवस हसते. पुढे तीच घड्याळ पाहून म्हणते, “अगं, आटप, सूर्य चालला.” व्रत पाळणाऱ्या मुलीला अशी राखण कोणत्या भिंतीआड मिळेल?

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टने तीन गोष्टींचा विचार करावा. शिष्यवृत्ती देताना समाजाच्या वसतिगृहात राहणारा आणि विद्यापीठाच्या सर्वसामान्य वसतिगृहात राहणारा, असा भेद करू नये. प्रांगणातील मुलांसाठी दिवस मावळण्यापूर्वी डबा मिळण्याची व्यवस्था स्थानिक घरांच्या साहाय्याने लावावी. त्यास फार भांडवल लागत नाही. पाच-सहा घरे आणि एक सायकलवाला मुलगा एवढेच लागते. आणि समाजाची जी वसतिगृहे आहेत, त्यांतील काही जागा अन्य समाजांतील गरजू विद्यार्थ्यांना द्याव्यात. स्वयंपाकघराचे नियम तेच राहावेत. ते पाळण्यास तयार असेल त्याने यावे. यास काही ज्येष्ठांचा विरोध आहे, आणि तो द्वेषातून नसून काळजीतून आहे, हे मान्य केले पाहिजे. त्यांच्याशी बसून बोलावे लागेल.

येत्या जूनच्या प्रवेशाचे अर्ज अद्याप छापावयाचे आहेत.