ताण आणि माणसाची वाढ



आज आपण ताणाविषयी बोलू. कर्ज होते, घरात दुखणे येते, हातचे काम जाते. मग जिवाला घोर लागतो. यालाच ताण म्हणतात.

ताण आला की शरीरात काय होते? समजा, वाटेत साप आडवा आला. छाती धडधडू लागते. श्वास भराभर चालतो. आपल्या मूत्रपिंडांवर दोन लहान ग्रंथी आहेत. त्या रक्तात एक रस सोडतात. त्यामुळे हातापायांत एकदम बळ येते आणि आपण झटकन बाजूला होतो. साप गेला, की थोड्या वेळाने छाती शांत होते. म्हणजे हा ताण आपल्याला वाचवायलाच येतो.

पण सावकाराचा तगादा म्हणजे साप नव्हे. तो पाच मिनिटांत निघून जात नाही. घोर महिनोन् महिने राहिला, तर शरीराला विसावाच मिळत नाही. झोप उडते. रक्तदाब वाढतो. माणूस उगाच घरच्यांवर खेकसतो. हान्स सेल्ये नावाच्या शास्त्रज्ञांनी कॅनडात उंदरांवर प्रयोग केले. थंडी, जखम, अतिश्रम, त्रास कोणताही असो, उंदरांच्या शरीरात बिघाड सारखाच होत होता. हे त्यांनी १९३६ साली जगापुढे मांडले.

मग ताणाने माणूस खचतोच काय? तसेही नाही. पार्वतीबाई आठवले यांची गोष्ट ऐका. त्यांचा जन्म १८७० सालचा, कोकणातला. विसाव्या वर्षी नवरा वारला. पदरी लहान मुलगा. त्या काळी विधवेचे जिणे किती कठीण होते, ते तुम्ही वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल. त्यांची बहीण म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे यांची पत्नी. बहिणीच्या घरी त्यांना आसरा मिळाला. पंचविशी उलटल्यावर त्या शिकू लागल्या. पुढे कर्व्यांच्या आश्रमासाठी गावोगाव भाषणे करून त्यांनी वर्गणी जमवली. १९१८ साली, पन्नाशी जवळ आली असता, त्या इंग्रजी शिकायला अमेरिकेस गेल्या. तिथे पोटासाठी लोकांच्या घरी घरकाम केले. १९२० साली परत आल्या आणि १९२८ साली त्यांची ‘माझी कहाणी’ छापून निघाली.

आता नीट विचार करा, बरं का. दुःखामुळे पार्वतीबाई मोठ्या झाल्या काय? तेच दुःख हजारो बायांच्या वाट्याला आले आणि त्यांतल्या कितीतरी जणी कोपऱ्यात बसून झिजल्या. पार्वतीबाईंची जिद्द मोठी, यात शंका नाही. पण त्या जिद्दीला बहिणीचा आधार मिळाला, शिकायला वाट मिळाली, हाताला काम मिळाले. नुसता ताण माणसाला घडवीत नाही. ताणाला आधाराची जोड मिळाली, तरच माणूस वाढतो.

म्हणून खचलेल्या माणसाला ‘सोस, शहाणा होशील’ एवढेच सांगून उठू नका. त्याच्याजवळ बसा. त्याचे ऐकून घ्या. आज करता येईल असे एक लहान काम त्याच्याबरोबर ठरवा. कर्ज असेल, तर निदान त्याचा हिशेब कागदावर मांडा. त्याला झोप मिळेल असे पाहा. आणि घोर तुम्हालाच लागला असेल, तर तो पोटात ठेवू नका. कुणाशी तरी बोला. सरकारने २०२२ साली ‘टेलि-मानस’ ही सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर फोन केला, की मराठीतही बोलता येते. पैसे पडत नाहीत.

मोठेपणी अक्षर गिरवताना हात थरथरतो. ‘लोक हसतील’ असे वाटते. हाही ताणच. पण इथे शेजारी बसलेल्याचाही हात थरथरतो आहे. त्याला धीर द्या, त्याच्याकडून धीर घ्या. दोघांचेही अक्षर सुधारेल.