ऐन वेळेचं हॅलोविन

आजचा भाग छोटा आहे, कारण ऐकणाऱ्या बऱ्याच आईबाबांकडे वेळच नाहीये. ३१ ऑक्टोबर, शाळा सुटलीय, सहाच्या सुमारास इथे न्यू जर्सीत अंधार पडणार, आणि पोर म्हणतंय, "मला कॉस्च्यूम हवा!" दुकानात आता धड मापाचं काही मिळायचं नाही. तेव्हा कपाट उघडा.

माझा नियम एकच. दार उघडणाऱ्याला दोन सेकंदांत कळलं पाहिजे. त्यासाठी एक ठळक खूण पुरते. काळे कपडे, हेअरबँडला कागदाचे कान, आयब्रो पेन्सिलने मिशा, झाली मांजर. बाबांचा चौकड्यांचा शर्ट, गुडघ्याला ठिगळ, बाह्यांतून डोकावणाऱ्या पिवळ्या कागदाच्या पट्ट्या, झालं बुजगावणं. पार्सलच्या खोक्याला स्वयंपाकघरातली फॉइल गुंडाळली आणि बाटल्यांची झाकणं चिकटवली की रोबो. सगळं सैलच ठेवा, आत जॅकेट मावायला हवं. थंडी असतेच.

चादरीचं भूत सगळ्यात सोपं, पण तिथे जरा थांबा. डोळ्यांसाठी पाडलेली भोकं सरकतात आणि रस्ता ओलांडताना पोराला काहीच दिसत नाही. त्यापेक्षा मधोमध गळ्याएवढं भोक पाडून चादर अंगात घाला, चेहरा पांढरा रंगवा. कड घोट्याच्या वर ठेवा, पाठीवर चमकणारी टेप लावा. आणि आग सांभाळा हं. लोकांच्या पायऱ्यांवर भोपळ्यांत कधी कधी खऱ्या मेणबत्त्या असतात. २०२४ साली तर अमेरिकेत लक्ष्मीपूजनही ३१ ऑक्टोबरलाच आलं, म्हणजे पणत्या आपल्याच दारात! लोंबणारं सुती कापड पटकन पेटतं. त्या दिवशी मी उंबऱ्यावर बॅटरीच्या पणत्या ठेवल्या, खऱ्या फक्त देवघरात.

आता माझी आवडती कल्पना, वासुदेव. पुठ्ठ्याची निमुळती टोपी, तिच्यावर निळ्या-हिरव्या कागदाची मोरपिसं, बाबांचा पांढरा कुर्ता, हातात देवघरातल्या झांजा. तोही दारोदारच जातो ना! तो पहाटे गाणी म्हणत दान मागतो, ही मुलं संध्याकाळी चॉकलेटं मागतात.

पण माझा दोन सेकंदांचा नियम इथे मोडतो. प्रत्येक दारात "तू कोण आहेस?" हा प्रश्न येणार. काही मुलांना ते सांगायला भारी मजा येते, त्यांना जरूर वासुदेव करा. काहींना मात्र त्या रात्री चारचौघांसारखंच दिसायचं असतं. डबा वेगळा, नाव वेगळं, ते नाव रोज दोनदा सांगावं लागतं. त्या पोराला एक संध्याकाळ मांजर व्हावंसं वाटलं तर होऊ द्या. आपली हौस त्याच्या डोक्यावर ठेवू नका. कात्री हातात घेण्याआधी एकदा विचारा, "तुला काय व्हायचंय?"

चला, पळा आता. घड्याळ बघा! पुढच्या भागात भेटूच.